खिरणीवरचा चिकू

चिकूचं पहिलं कलम बांधलं, तेव्हा फांदीसोबत मी माझ्या शर्टाची बाहीही बांधून टाकली.

आम्ही तेव्हा मचाणावर चढून कलमं बांधत असू. चिकूचं जुनं झाड असायचं, त्याच्या फांद्यांच्या उंचीला बांबूचं मचाण, आणि मचाणावर खिरणीची रोपं कुंड्यांसकट चढवलेली. खिरणीच्या खोडाची साल एका बाजूनं तासायची, चिकूच्या फांदीची तासायची, उघडे भाग एकमेकांना भिडवायचे आणि पट्टीनं आवळून बांधायचे. दोघं आपापल्या मुळावर जगत असताना भेटतात, म्हणून याला भेटकलम म्हणतात. जोड जमला की चिकूची फांदी आईपासून तोडायची, खिरणीचा शेंडा छाटायचा. खाली खिरणी, वर चिकू, आणि मध्ये एक गाठ.

मी इतकं मन लावून बांधलं की भोवतालचं भान राहिलं नाही. चीक हाताला, चाकूला, मिशीला. खाली उतरायला निघालो तर झाड मला सोडेना.

"उतर ना रे," उस्मानचाचा खालून म्हणाले. सरकारी नर्सरीतले जुने माळी, माझे गुरू.

"उतरता येऊन नाही राह्यलं, चाचा."

चाचा वर आले, चष्मा सारखा केला, बाही पाहिली. मी पट्टी सोडायला गेलो तर हातावर चापट बसली. "हात मत लगा. जोड हिला तो गया. शर्ट काट."

बाही कापली. ती पावसाळाभर मचाणावर लटकत राहिली आणि साहेबलोक आले की चाचा त्यांना ती दाखवत. कलम मात्र फुटलं. एका बाहीचा शर्ट घालून घरी गेलो तेव्हा माझ्या आईला वाटलं, कुठंतरी मारामारी करून आलो. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, मारामारी त्यातल्या त्यात बरी वाटली.

आता पन्नाशी उलटली. शिरपूर रस्त्याला माझी स्वतःची नर्सरी आहे. आंबा, पेरू, लिंबू, सारं ठेवतो, पण नाव झालं ते चिकूच्या कलमांवर. लोक विचारतात, चिकूला खिरणीचं मूळ कशाला? तर चिकू हा आपल्याकडचा पाहुणा. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाहुण्याला ते सोसत नाही. खिरणी इथलीच, रानातली, हट्टी. मे महिन्यात तिच्याकडे पाहिलं तर वाटतं, हिला कोणी उन्हाळा आल्याचं सांगितलंच नसावं. नातं मात्र दोघांचं जवळचं. दोघांची फळं गोड, दोघांच्या अंगात पांढरं दूध. ते दूध आधी वाहू द्यायचं, पुसायचं आणि मगच जोड भिडवायचा, नाहीतर ते मध्येच सुकून पडद्यासारखं बसतं. चाचा म्हणायचे, "पहले दोनों को रो लेने दे, फिर मिला."

या चिकाचं दूरच्या देशात च्युइंगम करत, असं मी ऐकलं आहे. आमच्याकडे त्याचा एवढाच उपयोग पाहिला, की चाचांच्या चष्म्याची काडी त्यानं चिकटवलेली होती. थंडीत उत्तम टिकायची. वैशाखात काडी सुटून चष्मा नेमका पाण्याच्या हौदात पडायचा.

आमचा धंदा संशयावर चालतो. किराणा दुकानात माणूस साखर मागतो, साखर घेऊन जातो. माझ्याकडे माणूस चिकू मागतो आणि चार पानं घेऊन जातो. चिकू दिसणार तीन-चार वर्षांनी. तोवर त्याच्याकडे काय असतं? माझा शब्द. म्हणून गिऱ्हाईक येतं तेच डोळे बारीक करून. कोणी नखानं साल खरवडून हिरवी आहे का पाहतो. कोणी पान चावून पाहतो आणि तज्ज्ञासारखी मान हलवतो. काय कळतं देव जाणे, मला आजवर कळलेलं नाही. शिरपूरला दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी रोप घेतलं, बसमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं आणि खिडकीतून मला विचारलं, "हे वाटेत बदलणार तर नाही ना?" बस सुटली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे अनसिंगचे बाबारावजी.

बाबारावजी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. विनातिकीट माणूस ते पाठमोरा असला तरी ओळखत, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर बस राहिली नाही, पण नजर राहिली. एका पावसाळ्यात ते आले, जय भीम घातला, खुर्चीवर बसले आणि चहा घ्यायच्या आधी म्हणाले, "तुमी चिकू दाखवता अन् गाडीत भलतंच भरून देता, असं आयकलं."

"कोनाकडून आयकलं?"

"कोनाकडून नाही. पन असं होत असते."

मग त्यांनी वीस कलमं निवडली. प्रत्येक रोप हातात घेऊन, फिरवून, बुडखा पाहून. पिशवीतून जुन्या खाकी शर्टाच्या चिंध्या काढल्या आणि वीसही रोपांना एकेक घट्ट बांधली. "ही माही खून. हे सोडून दुसरं झाड मी उतरवून घेनार नाही."

निघताना मी नेहमीची सूचना दिली. गाठीच्या खाली जे फुटेल ते खिरणीचं, ते खुडत जा. गाठीच्या वर चिकू. त्यांनी मान हलवली, पण त्यांची नजर टेम्पोचं मागचं फळकं नीट लागतं की नाही तिकडे होती.

टेम्पो घेऊन संजू गेला. संजू म्हणजे माझा मेहुणा, सुनंदाचा धाकटा भाऊ. बारा-तेरा वर्षं माझ्याकडेच कामाला. कमी बोलणारा, कामाचा. संध्याकाळी बाबारावजींचा फोन: "बुडखे पाहून झाडं उतरवून घेतले म्या, पन चिंध्या कुठी गेल्या?"

संजूला विचारलं तर म्हणाला, "म्या कापल्या, भाऊजी. करकचून बांधल्या होत्या. कवळं खोड, आत रुतलं असतं."

बरोबर होतं त्याचं. मीही कापल्या असत्या. बाबारावजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असन," आणि फोन ठेवला. कंडक्टर लोकांचं "असन" म्हणजे "असेल" नव्हे, तर पुढच्या थांब्यावर पाहतो.

पुढचा थांबा तिसऱ्या वर्षी आला. बाबारावजींनी माझ्या टेबलावर एक डहाळी ठेवली. पानं लहान, चामड्यासारखी, टोकाला बोथट, मध्ये किंचित खाच. चिकूचं पान टोकदार असतं. मी ती उलटसुलट करून पाहिली. खिरणी होती ती.

"वीस झाडं आहे. एखाद्यालेच पाहा लागत नाही, सारे असेच," बाबारावजी म्हणाले. "मले वाटलंच होतं. चिंध्या कायले कापाव्या लागते?"

आता इथं कोणीही शहाणा माणूस काय करेल? शेतात जाऊन झाड पाहील. अनसिंग काही लांब नाही. पण संशय आला की माणूस खुर्चीत बसूनच सगळं पाहतो. मला त्या खुर्चीतून भराभर दिसायला लागलं. संजूनं चिंध्या कापल्या. संजूनं गेल्या वर्षी जुनी का होईना मोटारसायकल घेतली. वाशीमला हातगाडीवर रोपं विकणाऱ्याशी तो बोलत उभा होता, ते मी एकदा स्वतः पाहिलं होतं. आमच्याकडची खिरणीची रोपं, ज्यांच्यावर अजून कलम बांधलेलं नाही, ती नवख्याला दिसायला सारखीच. चांगली कलमं भलतीकडे विकून यानं टेम्पोत नुसत्या खिरण्या भरल्या असतील, तर? बाबारावजींनी वीस रोपं उतरवून घेताना नीट पाहिली होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. डोक्यात एकदा ओळ लागली की मधला माणूस दिसत नाही.

मी तपास सुरू केला. रोपांच्या पिशव्यांना तळाशी खिळ्यानं बारीक भोकं पाडली, खुणेसाठी. संजू गाडी भरताना मी पाइपाचा नळ दुरुस्त करायच्या निमित्तानं उभा राहायचो. तो नळ मी इतक्यांदा दुरुस्त केला की शेवटी खरंच बिघडला. पिशव्यांच्या भोकांतून पाणी गळून रोपं सुकायला लागली, आणि संजूच माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "भाऊजी, पिशव्या फाटक्या येऊन राह्यल्या. नवा माल पाहून घ्या."

मला वाटलं, केवढा बिलंदर आहे.

इकडे अनसिंगच्या बाजारात बाबारावजींचं तोंड सुरू होतं. शिरपूर रस्त्यावरचा नर्सरीवाला चिकू म्हणून खिरण्या देतो. माणूस सज्जन, पगारावर जगलेला, कोणाचं खोटं न सांगणारा, म्हणून लोकांनी ऐकलं. आसेगावकडची मोठी ऑर्डर ठरल्यासारखी होती, ते लोक आलेच नाहीत. नेहमीची गिऱ्हाइकं फाटकापर्यंत यायची आणि विचारायची, "चिकू खराच आहे न भाऊ?" हसून विचारायची. हसून विचारलेलं जास्त लागतं. आमच्या धंद्यात रोप मेलं तर दुसरं देता येतं. शब्द मेला तर नर्सरी ही नुसती हिरवी जागा उरते.

एक दिवस सुनंदा भाकरी थापत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "संजूले म्हनाव, सोमवारपासून आपलं दुसरीकडे काही पाह्य."

तिनं वर पाहिलं नाही. "काहून?"

"तूच सांग त्याले. माह्याकडून सांगनं बरं दिसनार नाही."

भाकरी तव्यावर पडली. रविवारी संजू येऊन गेला, मी मुद्दाम वाशीमला होतो. परत आलो तर नर्सरीच्या चाव्या खुंटीला, आणि त्याचा कलमाचा चाकू धुऊन, पुसून खिडकीत ठेवलेला. पुढं तो मंगरूळपीरला बी-खताच्या दुकानात लागल्याचं कळलं. आमच्याकडे येणं त्यानं बंद केलं. सणाला नाही, वाराला नाही. सुनंदा त्याच्याशी फोनवर बोलायची ती अंगणात जाऊन.

एवढं करून बदनामी थांबली म्हणाल, तर नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, ऐन गिऱ्हाइकीच्या दिवशी, बाबारावजी भाड्याच्या ऑटोतून उतरले. मागून चालकानं एक झाड ओढून काढलं. मुळासकट उपटलेलं, छातीएवढं. बाबारावजींनी ते फाटकात टाकलं.

"घ्या तुमचा चिकू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "उरलेले उद्या आनतो."

चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. कोणी मोबाइल काढला. मी काहीतरी करायचं म्हणून खाली बसलो आणि मुळावरची माती झटकली. हात आपोआप खोडावरून फिरला आणि थांबला. गाठ होती. माझ्या हातची गाठ. जोड बांधला की खोड तिथं जरा फुगीर होतं, ते ज्याचं त्याला ओळखू येतं. गाठीच्या खालून खिरणीचे दोन फुटवे चांगले दांडगे झालेले, आणि गाठीच्या वर बोटभर वाळका खुंट. वर चिकू होता. कोणीतरी धारदार विळ्यानं सपकन छाटला होता.

म्हणजे संजूनं कलमंच दिली होती.

"बाबारावजी, हे कोनं कापलं?"

ते वाकले. खुंट पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. मला वाटलं, हा माणूस स्वतःच छाटून मला बदनाम करून राह्यला. त्यांना काय वाटलं ते त्यांनी लगेच सांगितलं: "शेजारचा. धुऱ्यावरून त्याचं माह्यं भांडन आहे. त्याचंच काम. चाला, आत्ता चाला."

त्याच ऑटोत बसून आम्ही दोघं अनसिंगला गेलो. वाटेत ते शेजाऱ्यावर संशय घेत होते, मी त्यांच्यावर, आणि ऑटोवाला आरशातून आमच्या दोघांवर.

शेतात ओळीनं उभी असलेली झाडं मी एकेक पाहिली. सगळीकडे तेच. गाठ, वर छाटलेला खुंट, खालून खिरणी. चोर इतक्या नेमानं कापत नाही. हे सावकाश, दिवसाउजेडी, लक्ष देऊन केलेलं काम होतं. बाबारावजींच्या घरच्या कमलबाई गोठ्यातून पाणी घेऊन आल्या. बाबारावजी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, हात करून शेजाऱ्याचा उद्धार करत होते. कमलबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि विचारलं, "झालं काय भाऊ?"

"कोनंतरी साऱ्या झाडांचे शेंडे कापले, बाई."

"अवो, ते यायनंच कापले न," नवऱ्याकडे बोट करत त्या म्हणाल्या. "बांडगूळ होतं ते."

बाबारावजींचा हात धुऱ्याकडे होता तो तसाच राहिला.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. बांडगूळ म्हणजे झाडावर वाढणारं परकं झाड. आमच्याकडे आंब्यावर फार. फांदीवर एक फुगीर गाठ येते आणि त्या गाठीतून वेगळ्याच पानाची फांदी निघते. ती झाडाचा रस पिते. वेळीच छाटली नाही तर आंबा वाळतो, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत. बाबारावजींनी आपल्या बांधावरचा आंबा असाच वाचवला होता. आता चिकूची कलमं बघा. खालून खिरणी दणकून फुटलेली, कारण खालचे फुटवे खुडायचे राहिले. मध्ये फुगीर गाठ. आणि गाठीवर, वेगळ्या पानाची, उन्हानं मलूल झालेली एक फांदी. रखवालदार माणूस. त्यांनी विळा घेतला. बांडगूळ छाटणं म्हणजे त्यांच्या लेखी झाड कापणं नव्हतंच, म्हणून खुंट पाहूनही त्यांना ते आठवलं नाही.

"गड्याले लावलं असतं त त्यानं एखादं सोडलं असतं," बाबारावजी हात खाली घेत म्हणाले. "म्हनून म्या स्वतः कापलं. सारेच्या सारे."

"सारेच नाही," कमलबाई म्हणाल्या. "मोटारीजवळचं राह्यलं. तिथी गांधीलमाश्या होत्या, तुमी गेले नाही."

पाण्याच्या मोटारीच्या खोपटाआड एक झाड होतं. पानं टोकदार, फांदीच्या शेंड्याशी झुबक्यानं आलेली. आणि पानांत तपकिरी, धूळ बसल्यासारखे चिकू. मोठे नव्हते. मी एकावर नख ओढलं. खाली हिरवं, वर पांढरा चीक आला. कच्चा होता अजून, पण चिकू होता.

"औंदा पयल्यांदाच लागले," कमलबाई म्हणाल्या. "नातवायनं चार खाल्ले बी."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी मोजत बसले असते."

बाबारावजी झाडाकडे पाहत उभे राहिले. मी तयारी करून ठेवली होती, चार कडक वाक्यं बोलायची. नर्सरीचं नाव, गेलेलं वर्ष, बाजार. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "पन मले सांगा, गाठीवर वेगळं पान दिसल्यावर मानसानं काय समजाचं?"

ती चार वाक्यं माझ्याकडेच राहिली. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, गाठीच्या खालचं काढा. बांडगुळाची गाठ कशी असते आणि माझी कशी, हे सांगायचं मला कधी सुचलं नाही. आता रोप देताना मी ते सांगतो, आणि लोकांना वाटतं, हा काहीतरी लपवून राह्यला.

परतीला बाबारावजी मला सोडायला बाजारापर्यंत आले. चहाच्या टपरीवर त्यांचे नेहमीचे लोक बसले होते. मला वाटलं, हे आता मान खाली घालून निघून जातील. मी त्यांच्या जागी तेच केलं असतं. ते टपरीसमोर उभे राहिले. थांब्याचं नाव पुकारावं तशा आवाजात म्हणाले, "आयका. हा नर्सरीवाला. यानं खिरन्या देल्या असं म्या तुमाले सांगत होतो. चूक आहे ते. यानं चिकूच देल्ते. बांडगूळ समजून म्या माह्या हातानं कापले."

कोणी हसलं. बाबारावजी थांबले, हसू संपू दिलं, आणि मग सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मी घरी आलो तो जवळजवळ तरंगतच. नाव परत आलं होतं. सुनंदाला सगळं रंगवून सांगितलं. बांडगूळ, गांधीलमाश्या, कमलबाई, टपरीवरचं भाषण. ती ऐकत होती. कमलबाईंच्या 'मोजत बसले असते'वर हसलीही. मग मी म्हणालो, "म्हनजे संजूचं काही नव्हतं त्याच्यात. तू असं कर, उद्या फोन करून सांग त्याले. म्हनाव, भाऊजीनं परत बलावलं."

ती ओट्याला टेकून उभी होती. "त्या म्हाताऱ्याचं चुकलं त चुकलं," ती म्हणाली, "पन चार लोकात आपल्या तोंडानं सांगतलं. तुमी माह्या भावाले 'जा' म्हनाले माह्या तोंडून. आता 'ये' बी मीच म्हनू?"